माझ्या हातचं काडतूस

काडतूस बोटांत फिरवलं आणि माझ्या लक्षात आलं, हे मी भरलेलं नाही.

काडतुसाची पितळी नळी आमचीच होती. गोळीही तीच, पुढे शिशाचं मऊ टोक उघडं असलेली, वाघासाठी घेतात ती. पण गोळी नळीच्या तोंडात बसवल्यावर नळीचा काठ मी तिच्यावर अगदी हलका दाबत असे, चहूबाजूंनी सारखा. हा काठ एका अंगाला चेपलेला होता. कुणीतरी गोळी ओढून काढली होती आणि घाईघाईनं परत बसवली होती. त्या बंगल्यात हे करू शकणारा माणूस एकच होता, आणि तो जेवून, पान खाऊन, मघाशीच वाघाच्या मचानाकडे निघून गेला होता.

तो माणूस म्हणजे आमचे हे. मनोहर ढोमणे. लाकडाच्या एका ठेकेदाराकडे व्यवस्थापक, आणि अख्ख्या चांदा जिल्ह्यात शिकारी म्हणून नाव.

गोष्ट जुनी आहे. शिकारीवर बंदी यायची होती, पण विलायती काडतुसं बाजारातून नाहीशी झाली होती. भल्याभल्यांच्या रायफली भिंतीवर टांगून पडल्या. ह्यांनी मात्र झाडलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या जपून ठेवलेल्या. कुठून कुठून दारू, बुडाशी बसवायच्या ठिणगीच्या टोप्या आणि गोळ्या मिळवल्या आणि काडतुसं घरीच भरायला लागले. भरायला लागले म्हणजे मला कामाला लावलं. ह्यांचा हात दांडगा आणि धीर कमी. मी उमरेडच्या सोनाराची मुलगी, परकरात असल्यापासून काट्यावर गुंजा तोललेल्या. काडतुसाची दारू ग्रेननं मोजतात. ग्रेन म्हणजे गुंजेच्या निम्म्याहून जरासा जास्त, मला त्याचं काय अप्रूप! लग्नात वडिलांनी दागिने बेताचेच घातले, पण काचेच्या पेटीतला एक काटा हौसेनं दिला. सासरी सगळ्यांनी नाकं मुरडली. पुढे ह्यांची सगळी शिकार त्याच काट्यावर चालली.

त्या उन्हाळ्यात आम्ही कोसमघाटच्या वनखात्याच्या बंगल्यावर उतरलो होतो. तिथल्या वाघानं मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया खाल्ल्या होत्या, तेंदूपत्त्याचं काम बंद पडलं होतं. सरकारनं त्याला नरभक्षक ठरवून ह्यांना परवाना दिला होता. आदल्या रात्री वाघानं नाल्यात एक बैल मारला, आणि हे त्यावर बसायला गेले.

मी दारं-खिडक्या लावून घेतल्या. बाहेर उन्हाच्या झळा नुसत्या भाजून काढत होत्या, पण काट्याला वाऱ्याची झुळूकही चालत नाही. पक्कडीनं गोळी ओढली, नळीतली दारू पारड्यात ओतली. मी घातली होती त्यापेक्षा तीन ग्रेन जास्त भरली. वाटलं, माझंच चुकलं. हात पुसले आणि दुसरं काडतूस उघडलं. त्यात पाच ग्रेन जास्त.

म्हणजे ह्यांनी धड तोललीही नव्हती. चमच्यानं घातली होती, भाजीत तिखट घालावं तशी.

 मी खुर्चीवर तशीच बसून राहिले.

एकदा काय झालं होतं ते सांगते, म्हणजे कळेल. एका उन्हाळ्यात हे काडतुसांचा पट्टा जीपमध्ये काचेपाशी विसरले. काडतुसं माझ्या मापाची, अगदी बिनचूक. पण तापलेली दारू जास्त भडकते. ह्यांनी निशाणावर एक बार काढला, आणि काडतुसाची नळी आतल्या आत फुगून अशी रुतून बसली की रायफलीची मागची खीळ, म्हणजे बोल्ट, उघडेना. शेवटी लाकडी हातोडीनं ठोकून उघडला. तो निशाणावरचा बार होता, हसण्यावारी गेला. आता माझ्या मापावर पाच ग्रेन, आणि वर मे महिन्याचं ऊन. बोल्ट अडकला तर दुसरी गोळी नाही. नळीचं बूड फाटलं तर सगळी आग मागं, थेट डोळ्यांत. आणि मचान काही उंच नव्हतं. त्या नाल्यावर नुसता बांबू, एक बुटका मोह तेवढा आडवा वाढलेला, त्याच्या फांद्यांवर खाट बांधली होती. जाताना हेच हसून म्हणाले होते, "वाघाच्या मनात आलं तर मांडीवर येऊन बसेल."

काडतुसं भरायला घेतली तेव्हा आमची बोलाचाली झाली होती.

"या खेपेला दारू थोडी जास्त घाल," हे म्हणाले.

"मापाच्या तक्त्यात आहे तेवढीच घालणार. जास्त घातली की जोर नाही वाढत, धोका वाढतो."

"तक्ता विलायतेतला आहे. वाघ इथला आहे."

"मग वाघाला विचारा किती घालू ते."

एरवी हे हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "गेल्या वर्षीचं लक्षात आहे ना तुझ्या?"

मी पुढची नळी काट्याशी ओढली. 

गेल्या वर्षी ह्याच वाघासाठी, ह्याच गावात, पण वरच्या अंगाच्या एका मचानावर हे बसले होते. रात्री ह्यांनी बार काढला, वाघ जखमी होऊन निसटला. सकाळी ह्यांनी नेहमीसारखी शिट्टी वाजवली, तसा ह्यांचा वाटाड्या चिन्ना मडावी ह्यांना उतरवून घ्यायला गेला. वाघ गेलाच नव्हता, तिथंच गवतात पडून होता. त्यानं मचानाच्या खालीच चिन्नाला धरलं. हे घरी आले ते चिन्नाच्या रक्तानं माखून. प्रेत ह्यांनीच उचलून आणलं होतं. रात्री मला एवढंच म्हणाले, "मी चाप ओढला गं. काडतूस फुसकं निघालं."

ते काडतूस मी भरलेलं होतं.

मी म्हटलं, ते काडतूस द्या, टोपीवर चापाचा घाव बसलाय का बघते. म्हणाले, "फेकलं नाल्यात." एकेका नळीसाठी उन्हातान्हात गवतातून रांगणारा माणूस! पण त्या वेळी मी उलट प्रश्न केला नाही. तेव्हापासून वर्षभर मला अन्न गोड लागलं नाही. भरलेलं काडतूस दोनदोनदा तोलायचे, टोप्या भिंगाखाली बघायचे, तरी मनातून जाईना, की टोपी ओलसर असेल, माझ्या बोटाचा घाम लागला असेल, आणि एवढ्याशा घामापायी एक माणूस गेला. चिन्नाची बायको जैवंता त्याच गावात. ती बंगल्यावर पाणी भरायला यायची. मी तिला लुगडी द्यायची, धान्य द्यायची, फक्त तिच्या डोळ्याला डोळा देत नसे.

एवढं असूनही त्या दिवशी मी दारू वाढवली नाही. हे म्हणाले, "बरं, तुझ्या मनासारखं." हे इतक्या चटकन ऐकतात तेव्हा ह्यांच्या मनात काहीतरी वेगळंच असतं, हे मला संसारात अनुभवानं कळलेलं होतं. तरी तेव्हा मला बरंच वाटलं.

तर ते असो. मी उठले. हाताशी राहिलेल्या काडतुसांतली दारू काढली, माझ्या मापानं परत भरली.  चार-पाच काडतुसं झाली तशी थांबले. ती एका डबीत घातली, डबीचं झाकण मेण लावून बंद केलं, ओल्या पंचात गुंडाळून कमरेला बांधली. तेवढाच गारवा.

ड्रायव्हर जीप घेऊन पेट्रोल आणायला मूल गावाला गेला होता. मचान बांधायला गेलेली माणसं परत येऊन पाटलाच्या मांडवात बसली होती. मी जाऊन सांगितलं, साहेबांना निरोप द्यायचाय, कुणीतरी चला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाटील उठून उभा राहिला. म्हातारा भला माणूस होता. हात जोडून म्हणाला, "बाई, सायेब बसले आता. आता तिकडं जानं म्हंजे वाघाच्या ताटात जानं हाय जी. सकाळी शिट्टी झाली का आमी सारे जाऊ."

"सकाळपर्यंत थांबता येत नाही हो."

"आमाले बी लेकरंबाळं हाय जी, बाई."

त्याचं काय चुकत होतं? मी वळले. वाट मला ठाऊक होती, निदान नाल्यापर्यंतची. एकटीनं जायचं, एवढंच.  खोटं कशाला सांगू, मला तिथंच मांडवात बसून रडावंसं वाटत होतं.

जैवंता डोक्यावर पाण्याची पितळी गुंड घेऊन तिथून चालली होती. थांबली. गुंड खाली ठेवली, पदर खोचला.

"चाला जी, मी येते."

"तू?" माझ्या तोंडून निघून गेलं. "तू कशाला?"

"तुमी एकल्या जासान का मंग? वाटेतला नाला तरी समजन का तुमाले?"

तिनं कुणाला विचारलं नाही, कुणी तिला अडवलं नाही. ती पुढे, मी मागे, अशा आम्ही निघालो.

सागाची पानं वाळून खाली पडलेली. पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. थोडं चाललं की मी थांबायची, कारण मला वाटायचं, आवाज आमच्या दोघींच्या पावलांपेक्षा जास्त येतोय. थांबलं की काहीच नाही. मग जैवंता न वळता म्हणायची, "चाला जी." उन्हानं डोळ्यांपुढे पिवळं दिसत होतं, आणि पाठीवर मात्र गार काटा. मला सारखं वाटे, मागून कुणीतरी माझ्या मानेकडे बघतंय.

एका वळणावर जैवंता खाली बसली. तिथं धुळीत माणसांच्या पावलांचे ठसे होते, मघाशी मचानाकडे गेलेल्यांचे. त्यांत ह्यांच्या बुटांचा ठसा मी लगेच ओळखला, डाव्या टाचेला खिळा आहे म्हणून. आणि त्या बुटाच्या ठशावर, बरोबर मधोमध, वाघाचा पंजा उमटलेला होता.

 जैवंतानं पंजाच्या कडेची धूळ बोटानं चाचपली.

"ताजा हाय," ती अगदी हळू म्हणाली. "सायेबाच्या मांगं मांगं गेला."

"परत जायचं का गं?" मी विचारलं. खरंच विचारलं. आणि विचारल्यावर ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, बोल्टावर हात मारणारा, फाटलेल्या डोळ्यांचा. मी म्हटलं, "नाही, चल."

त्यानंतर मी जैवंताचा पदर धरूनच चालले. बत्तीस वर्षांची बाई, शाळेतल्या पोरीसारखी. भीतीनं माणूस कसं होतं बघा, की जे वर्षभर तोंडातून निघालं नव्हतं ते तिथं, त्या वाटेवर, फुटून बाहेर आलं.

"जैवंता, चिन्ना माझ्यापायी गेला."

ती थांबली.

"ते काडतूस मी भरलं होतं. साहेबांनी चाप ओढला, पण ते फुसकं निघालं. माझ्या हातून काहीतरी राहिलं असणार."

"असं कोन म्हनते?"

"साहेबच म्हणाले."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. मी वर्षभरानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघत होते, आणि तिथं राग नव्हता. ती नवल करत होती. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग आजूबाजूच्या बांबूकडे बघून मिटलं.

"आता बोलू नका जी, बाई. वाघ ऐकते."

नाला आला. कोरडा, पांढऱ्या वाळूचा, दोन्ही काठांना बांबूची दाट बेटं. पलीकडच्या काठावर तो आडवा मोह, त्यात पानांआड खाट, आणि पानांतून ह्यांची खाकी टोपी. उन्हं कलली होती, पण उजेड भरपूर होता. वाळूत मारलेला बैल फुगून पडला होता. त्याच्यावर एकही कावळा नव्हता. जैवंतानं तो बैल बघितला, झाडावरून खाली न उतरणारे कावळे बघितले, आणि माझा दंड घट्ट धरला.

ह्यांनी आम्हाला बघितलं. मी हात वर केला आणि शक्य तेवढ्या जोरानं ओरडले, "अहो, ती काडतुसं झाडू नका! बोल्ट अडकेल! मी तोलून बघितली!"

ह्यांनी बोट ओठांवर ठेवलं. चेहरा कागदासारखा पांढरा. मग रायफलीची नळी हळूहळू फिरली, आणि फिरत फिरत आमच्याकडे आली. आमच्याकडे नाही, आमच्या डावीकडे. आमच्याच काठाच्या बांबूवर ती येऊन थांबली.

मी मान वळवली नाही. वळवायची हिंमतच नव्हती. मला दिसत होती ती नुसती रायफलीची नळी, आणि ती हलत होती. एवढ्या लांबूनही हलताना दिसत होती. हे चाप ओढत नव्हते. मी मनात म्हटलं, माझं ऐकलं ह्यांनी, आणि आज कधी नव्हे ते ऐकायला नको होतं.

बांबूत काहीतरी मोडलं. अगदी जवळ.

"पळू नका जी," जैवंता कानाशी म्हणाली. "पळालं का थो येते."

तेवढ्यात बार झाला. असा बार मी कधी ऐकला नव्हता, जमीन हादरली. मोहावरून धूर आणि पानं उडाली. डावीकडे वाघ एकदाच ओरडला, आणि मग बांबूत धडपडल्याचा, फांद्या मोडल्याचा आवाज. तो आवाज थांबला तसं गुरगुरणं सुरू झालं. वाघ पडला नव्हता, लागला होता, आणि आमच्यापासून घराच्या अंगणाएवढ्या अंतरावर होता.

मी मोहाकडे बघितलं. ह्यांचे डोळे शाबूत होते. ह्यांनी बोल्टाला हात घातला, वर उचलायला गेले, आणि तो जागचा हलेना. तळव्यानं ठोकला. परत ठोकला. गुरगुरणं वाढलं. ह्यांनी आमच्याकडे बघितलं, बांबूकडे बघितलं, परत आमच्याकडे.

वर होते तोवर हे सुरक्षित होते. जखमी वाघ आमच्या काठाला, त्याचं तोंड आमच्याकडे. हे मला तेव्हाही कळत होतं.

हे उतरले.

उतरले म्हणजे अक्षरशः घसरले झाडावरून, छाती सोलपटून निघाली. अडकलेली रायफल हातात, म्हणजे नुसतं लोखंड आणि लाकूड. वाळू तुडवत आले आणि आमच्या पुढे, बांबूकडे तोंड करून उभे राहिले.  पँट ओली झालेली होती. मी ह्यांची बायको, आणि मला त्या क्षणी ह्यांच्याविषयी इतकी माया वाटली की छाती दुखली.

"काडतुसं आहेत," मी म्हटलं. "माझ्या मापाची."

"बोल्ट उघडत नाही."

"लाथ मारा."

ह्यांनी रायफलीचा दस्ता वाळूत रोवला आणि बोल्टाच्या दांडीवर बुटाची टाच मारली. गुरगुरणं थांबलं. थांबल्यावर जास्तच भीती वाटली. दुसरी लाथ. तिसऱ्या लाथेला दांडी कडकन वर गेली आणि काडतुसाची फुगलेली नळी वाळूत पडली. ह्यांनी खालची झडप उघडून उरलेली काडतुसं ओतून दिली. मी डबीचं मेण नखांनी ओरबाडत होते, झाकण निघेना, दातांनी काढलं. पहिलं काडतूस ह्यांच्या तळहातावर ठेवलं. थंडगार होतं ते. ह्यांनी आत सारलं, बोल्ट लोण्यासारखा बसला.

आणि वाघ आला. आवाज न करता आला. पिवळं काहीतरी मोठं होत गेलं, एवढंच मला आठवतं, आणि जैवंतानं मला खाली पाडलं. माझ्या डोक्यावर बार झाला. हा बार ओळखीचा होता, रोजचा, माझ्या मापाचा.

मी तोंड वर केलं तेव्हा वाघ वाळूत पडला होता, पुढचे पंजे आमच्याकडे पसरून. शेपटीचं टोक थोडा वेळ हलत राहिलं, मग तेही थांबलं. हे बोल्ट ओढून दुसरं काडतूस मागत होते, आणि मी देत होते, आणि दोघांनाही कळत नव्हतं की आता त्याची गरज नाही.

मग ह्यांनी रायफल खाली ठेवली आणि बसले वाळूत. मी जवळ गेले. रडत होते की हसत होते कळेना. मला म्हणाले, "तू आलीस. वेडी की काय तू?" मी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "घरी चला, मग भांडू." खरंच, त्या घटकेला माझ्यासारखी सुखी बाई जगात नव्हती. नवरा जिवंत होता, माझं काडतूस फुटलं होतं, आणि नवरा माझ्यासाठी खाली उतरला होता.

जैवंता वाघाच्या डोक्याशी उभी होती. हे तिला म्हणाले, "जैवंता, तुझ्या चिन्नाचा वाघ मारला बघ."

"मारला जी," ती म्हणाली. वाघाकडे बघत राहिली. मग वळून ह्यांच्यासमोर आली आणि उकिडवी बसली, एखाद्याला ख्यालीखुशाली विचारायला बसावं तशी. आवाज अगदी साधा होता.

"आज तुमी खाली उतरले, सायेब. बंदूक अडकली व्हती, तरी उतरले."

हे हातावरची वाळू झटकायला लागले.

"चिन्ना लई वेळ हाका मारत व्हता जी. सायेब, सायेब म्हनून. गावात ऐकू येत व्हत्या. आमी साऱ्यांनं ऐकल्या. वाघानं त्याले लवकर नाही मारलं." तिनं वाळूतल्या रायफलीकडे बोट केलं. "त्या दिवशी बंदूक अडकली नव्हती. मंग काहून नाही उतरले?"

माझा हात ह्यांच्या पाठीवर होता. ती पाठ लाकडासारखी झाली.

ह्यांनी तिच्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. ‘फुसकं’ हा शब्द तोंडाशी आला होता, ते मला कळलं, कारण वर्षभर त्याच शब्दानं मला जाळलं होतं. पण तो बोलायला ह्यांना आधी माझ्याकडे बघावं लागलं. आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग तो शब्द काही निघाला नाही. नाल्यात फेकलेलं काडतूस, न झालेला बार, पहिल्याच बारात वाघ पडावा म्हणून चमच्यानं घातलेली दारू, सगळं मला तिथं वाळूत बसल्या बसल्या समजलं. ह्यांनी चाप ओढलाच नव्हता. वाघ खाली चिन्नाला खात होता आणि हे भरलेली रायफल मांडीवर घेऊन वर बसून होते, भीतीनं. त्याबद्दल मी ह्यांना केव्हाच माफ केलं असतं. त्या दिवशी मीसुद्धा त्या वाटेवर परत जायचं का म्हणून विचारलंच होतं. घरी येऊन ह्यांनी त्याचा दोष माझ्या हातावर ठेवला, ते मात्र मला गिळता येईना.

मी पाठीवरचा हात काढून घेतला.

जैवंता उत्तराची वाट बघत बसली होती.  मग गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि म्हणाली, "चाला बाई, अंधार पडन."

मी तिच्याबरोबर निघाले. हे बऱ्याच अंतरानं मागून येत होते, आणि मी वळून बघितलं नाही.